सोळा मिलिमीटर पावसाचे गाव

२६ जुलै २००५ या दिवशी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हे तुम्ही वाचले असेल. आता असा एक प्रदेश डोळ्यांसमोर आणा, की जेथे वर्षभरात सरासरी अवघा १६ मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत त्या एका दिवसात जेवढे पाणी पडले, तेवढे पडायला तेथे ५९ वर्षे लागतील! उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे ही तेथे नित्याची गोष्ट. १६ जुलै २०२३ रोजी याच भागातल्या एका ठाण्यावर ५२.२ अंश तापमान नोंदले गेले आणि चीनमधील आजवरचा उच्चांक मोडला.

अशा ठिकाणी कुणी राहत असेल, असे तुम्हाला वाटते का? माणसे तेथे हजारो वर्षे राहत आली आहेत. नुसती राहत नाहीत, तर जगातली उत्तम द्राक्षे पिकवतात. या प्रदेशाचे नाव तुर्फान, आणि आज आपण मनाने ज्या गावाला भेट देणार आहोत त्याचे नाव तुयोक. पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातली निदान पाच प्रकरणे या एका गावात उघडी पडलेली आहेत. ती आपण एकेक करून वाचू.

पाऊस का नाही?

नकाशा उघडा. चीनच्या वायव्य टोकाला शिनज्यांग प्रांत आहे. त्याच्या मध्यातून तिएनशान पर्वताची रांग जाते. तिच्या पायथ्याशी, सुमारे ४३ अंश उत्तर अक्षवृत्तावर, तुर्फानचे खोलगट खोरे आहे. त्याचा सर्वांत खोल भाग समुद्रसपाटीच्या १५४ मीटर खाली आहे. तुर्फान शहरापासून सुमारे ७० किलोमीटर पूर्वेला, लाल वालुकाश्माच्या डोंगररांगेतून कोरल्या गेलेल्या एका घळीच्या तोंडाशी तुयोक वसले आहे. या रांगेला ‘ज्वालापर्वत’ म्हणतात. उन्हात तापलेल्या लाल खडकावरून हवा थरथरत वर चढते, तेव्हा डोंगर पेटल्याचा भास होतो, म्हणून हे नाव.

पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि सह्याद्री ओलांडून दहिवडी-म्हसवडकडे गेले की जेमतेम पाचशे. आपल्याकडे आडवी येते ती एकच रांग, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. तुर्फानची गोष्ट निराळी. समुद्र तेथून दोन हजार किलोमीटरहून अधिक दूर. दक्षिणेकडून येणारा मोसमी वारा हिमालय आणि तिबेटचे पठार यांनी अडवलेला. वायव्येकडून जे थोडे बाष्प येते ते तिएनशानच्या शिखरांवर बर्फ होऊन पडते. पलीकडे उतरते ती रिकाम्या हाताची हवा.

उष्णता इतकी का?

ही उतरणारी हवा आणखी एक काम करते. खाली येताना तिच्यावरचा दाब वाढतो, ती आकसते, आणि आकसताना तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, तेच हे. कोरडी हवा दर १०० मीटर उतरली की सुमारे १ अंशाने तापते. समजा, दीड हजार मीटर उंचीच्या खिंडीतून निघालेली हवा समुद्रसपाटीच्या १०० मीटर खाली आली, तर ती १६०० मीटर उतरली, म्हणजे १६ अंशांनी तापली. बाहेरून कणभरही उष्णता न देता!

दुसरे कारण जमिनीत आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. आपल्याकडे ओल्या जमिनीवर ऊन पडले, की बरीचशी ऊर्जा पाणी उडवण्यातच खर्च होते आणि जमीन फार तापत नाही. तुर्फानच्या माळावर उडवायला पाणीच नाही. मग येणारे सारे ऊन दगड-माती तापवते आणि दगड-माती हवेला तापवते.

पाणी कोठून येते?

आता मुख्य कोड्याकडे वळू. पाऊस नाही, उघड्यावर ठेवलेल्या भांड्यातून वर्षाला अडीच-तीन मीटर उंचीचे पाणी उडून जाईल अशी हवा, मग मळे कशावर?

उत्तर आहे, वर दिसणाऱ्या बर्फावर. तिएनशानचे बोगदा नावाचे शिखर ५,४४५ मीटर उंच आहे. उन्हाळ्यात तेथील बर्फ वितळते. पाणी पायथ्याला आले, की दगडगोट्यांच्या जाड थरात मुरते आणि जमिनीखालून दक्षिणेकडे सरकू लागते. वाटेत त्याला ज्वालापर्वताची रांग आडवी येते. तिचे थर पाणी सहज जाऊ देत नाहीत. आपण नाल्यात भूमिगत बंधारा घातला, की वरच्या अंगाच्या विहिरींची पातळी चढते ना? तसेच येथे होते. अडलेले पाणी रांगेच्या उत्तरेस झऱ्यांच्या रूपाने वर येते, ओढा होऊन वाहते, आणि युगानुयुगे डोंगर कापत दक्षिणेकडे वाट काढते. तुयोकची घळ अशा ओढ्याने कोरली आहे. घळीतून चालताना दोन्ही बाजूंना गवताची काडी नसलेले लाल कडे दिसतात, आणि तळाशी ओढ्याच्या काठाने पॉप्लर, तुती आणि द्राक्षांचे मांडव.

पण घळी मोजक्या आहेत. बाकीच्या खोऱ्यात माणसांनी पाणी आणले ते ‘कारेझ’ खणून. कारेझ म्हणजे जमिनीखालचा पाट. डोंगराच्या पायथ्याशी एक खोल विहीर खणून भूजलापर्यंत पोहोचायचे. मग तेथून गावाच्या दिशेने ठरावीक अंतरावर विहिरी खणत जायचे आणि त्यांचे तळ बोगद्याने जोडायचे. बोगद्याला उतार असतो, पण जमिनीपेक्षा कमी. सारी खुबी येथे आहे. समजा, जमीन दर किलोमीटरला २० मीटर उतरते आणि बोगदा फक्त २ मीटर. म्हणजे दर किलोमीटरला बोगदा आणि जमीन १८ मीटरने जवळ येतात. उगमाकडची विहीर ५४ मीटर खोल असेल, तर ३ किलोमीटरवर बोगदा आपोआप जमिनीवर उघडतो आणि पाणी शेतात येते. पंप नाही, मोट नाही, बैल नाही. काम करते ते फक्त गुरुत्वाकर्षण. शिवाय पाणी अंधारात, गार बोगद्यातून येत असल्याने वाटेत उडून जात नाही. उघडा कालवा काढला असता, तर त्यातले बरेचसे पाणी आकाशालाच द्यावे लागले असते.

हे तंत्र तुम्हाला अगदी परके वाटू नये. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी गावासाठी नहर बांधली. खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. ती नहर-ए-अंबरी याच तत्त्वावर चालते: डोंगरपायथ्याचे भूजल, जमिनीखालचा उताराचा मार्ग, आणि मधून मधून साफसफाईसाठी उभी विवरे.

मातीच्या भिंतीतली उष्णतेची लाट

तुयोकची घरे उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची आणि मातीच्या धाब्याची आहेत. सोलापूर-मराठवाड्याकडील माळवदाची घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ती ओळखीची वाटतील. सोळा मिलिमीटर पावसात मातीचे घर पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हा एक फायदा. दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे.

दिवसा भिंतीची बाहेरची बाजू तापते, रात्री निवते. ही तापण्या-निवण्याची लाट हळूहळू भिंतीत शिरते. मातीची उष्णतावहनक्षमता, घनता आणि विशिष्ट उष्मा यांची सर्वसाधारण मूल्ये घेऊन गणित केले, तर असे दिसते, की दर ११ सेंटिमीटर आत गेल्यावर लाटेची उंची सुमारे ३७ टक्के उरते आणि लाट सुमारे ४ तास मागे पडते. बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरीच्या वर-खाली १५ अंश हलत असेल, तर ११ सेंटिमीटरवर ते साडेपाच अंश हलेल, २२ वर २ अंश, आणि ३३ वर पाऊण अंश. ३३ सेंटिमीटरवर विलंब होईल सुमारे १२ तासांचा. म्हणजे दुपारचा कडाका आतल्या बाजूस मध्यरात्री पोहोचेल, आणि तोही इतका क्षीण, की कळणारसुद्धा नाही. हे गणित खूप जाड थरासाठी केलेले आहे, त्यामुळे प्रत्यक्ष भिंतीत आकडे थोडे बदलतील. पण घर दुपारी गार का राहते, हे त्यावरून नीट कळते.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. लाटेची उंची कमी होते, सरासरी कमी होत नाही. म्हणून जाड भिंतीचे घर रात्री बाहेरच्याइतके गार होत नाही. उन्हाळ्यात तुर्फानची माणसे रात्री अंगणात किंवा धाब्यावर अंथरूण टाकतात, ते याच कारणाने.

द्राक्षे सावलीत का वाळवतात?

गावाभोवतीच्या टेकाडांवर विटांच्या विचित्र इमारती दिसतात. विटा एकाआड एक सोडून रचलेल्या, त्यामुळे साऱ्या भिंतीला जाळीसारखी भोके. हे बेदाण्याचे वाळवणघर. तेथे त्याला ‘चुंचे’ म्हणतात. आत उभ्या काठ्यांच्या खुंट्यांवर द्राक्षांचे घड टांगतात आणि महिना-सव्वा महिना तसेच ठेवतात.

इतके रणरणते ऊन असताना सावलीत कशाला? कारण वाळणे हे उन्हावर नव्हे, तर हवेच्या कोरडेपणावर आणि तिच्या हालचालीवर अवलंबून असते. उन्हाळ्यात ओले कपडे घरातल्या दोरीवरही वाळतात, आणि पावसाळ्यात उघडीप असली तरी ओलसर राहतात, हे तुम्ही पाहताच. भोकांमधून गरम, कोरडा वारा सतत वाहतो आणि द्राक्षाभोवतीची ओलसर हवा हटवतो. थेट ऊन न लागल्याने द्राक्षाचा हिरवा रंगही टिकतो. आपल्या तासगाव-सांगलीकडच्या बेदाणा शेडमध्ये घड याच कारणाने सावलीत, मोकळ्या वाऱ्यावर पसरतात.

थोडा हिशेब करू. ४ किलो द्राक्षांचा सुमारे १ किलो बेदाणा होतो, असे धरा. म्हणजे ३ किलो पाणी उडवायचे. त्याला ३,००० ग्रॅम × २,४०० जूल, म्हणजे ७२ लाख जूल ऊर्जा लागेल. विजेच्या भाषेत २ युनिट. तुयोकचा वारा ही ऊर्जा दर किलो बेदाण्यामागे फुकट पुरवतो.

ही द्राक्षे येथे किती जुनी? तुयोकजवळच्या यांगहाई येथील प्राचीन दफनभूमीत सुमारे २,३०० वर्षांपूर्वीची द्राक्षवेलीची फांदी सापडली आहे. तेथेच सुमारे ३,००० वर्षांपूर्वीची लोकरीची विजार मिळाली. जगात सापडलेल्या सर्वांत जुन्या विजारींत तिची गणना होते. लाकूड आणि लोकर इतकी वर्षे कशी टिकली? कुजणे हे जिवाणूंचे आणि बुरशीचे काम. त्यांना पाणी लागते. ज्या हवेने द्राक्षाचा बेदाणा केला, तिनेच कुजण्याची क्रिया थांबवली. जवळच्या अस्ताना दफनभूमीत तर तांग राजवटीच्या काळातल्या, म्हणजे बाराशे वर्षांहून जुन्या, सारण भरलेल्या करंज्यांसारख्या खाद्यवस्तू जशाच्या तशा मिळाल्या आहेत!

एकाच घळीत लेणी आणि मजार

जेथे पाणी, तेथे वस्ती; आणि वाळवंटात जेथे वस्ती, तेथे तांड्यांचा मुक्काम. रेशीम मार्गाने चीनकडे माल जात होता, तसा विचारही जात होता. भारतातून निघालेला बौद्ध धर्म याच मार्गाने गेला. तुयोकच्या घळीच्या कड्यांत भिक्षूंनी साधारण पाचव्या शतकापासून लेणी कोरली. तुर्फान भागातील सर्वांत जुन्या लेण्यांत ती मोडतात. भिंतीवर मातीत काड्या कालवून गिलावा द्यायचा, तो वाळल्यावर त्यावर पांढरा पातळ थर, आणि मग डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. अजिंठ्याच्या भिंतींवरही मूलतः हीच रीत आहे.

अजिंठ्याचे नाव उगीच काढलेले नाही. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू भारताकडे येताना इ.स. ६३०च्या सुमारास येथून जवळच असलेल्या गाओचांग नगरीत थांबला होता. तेथील राजाला तो इतका आवडला, की राजा त्याला पुढे जाऊच देईना. तेव्हा त्याने अन्नपाणी वर्ज्य केले. अखेर राजा नमला आणि पुढच्या वाटेची सारी तजवीज करून दिली. तोच ह्युएनत्संग दहा-अकरा वर्षांनी दुसऱ्या पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. येथील एका लेण्याचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे, ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात.

नवव्या शतकात उत्तरेकडील गवताळ प्रदेशातले आपले राज्य मोडल्यावर उइगुर लोक या खोऱ्यात आले आणि स्थिरावले. त्यांच्यात आधी मानी पंथ होता, मग बौद्ध धर्म रुजला. पुढे चौदाव्या-पंधराव्या शतकांत येथे इस्लाम आला. आजचे तुयोकचे उइगुर गावकरी मुसलमान आहेत. गावाच्या कडेला, लेण्यांच्याच घळीत, त्यांची एक प्रसिद्ध मजार आहे: ‘अस्हाब-उल-कह्‌फ’, म्हणजे गुहेतल्या सोबत्यांची. जुलमी राजाच्या भयाने काही तरुण एका कुत्र्यासह गुहेत लपले आणि शतकानुशतके झोपून राहिले, अशी ही कथा. ख्रिस्ती परंपरा ती गुहा तुर्कस्तानातील इफेसस येथे दाखवते. तुयोकचे लोक ती आपल्या गावात आहे असे मानतात.

या कथेत गणिताच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत आहे. कुराणात त्या झोपेचा काळ ‘तीनशे वर्षे आणि वर नऊ’ असा सांगितला आहे. सौर वर्ष ३६५.२४ दिवसांचे, चांद्र वर्ष ३५४.३७ दिवसांचे. ३०० ला पहिल्याने गुणा आणि दुसऱ्याने भागा. उत्तर येईल ३०९.२! आपण हाच फरक अधिक महिना धरून भरून काढतो.

आज काय पणाला लागले आहे?

कोरड्या हवेने जे दीड हजार वर्षे जपले, ते सारे टिकले असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन मोहिमा येथे आल्या. १९०५ साली आल्बर्ट फॉन ल कोक याला तुयोकच्या लेण्यांत हस्तलिखितांचा मोठा साठा मिळाला. तुर्फान खोऱ्यातून गेलेले सुमारे ४०,००० लिखित तुकडे आज बर्लिनमध्ये आहेत, आणि त्यांत आपल्या ब्राह्मी लिपीतले संस्कृत ग्रंथही आहेत. पण तेथे नेलेली कित्येक भित्तिचित्रे दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात नष्ट झाली.

पाण्याचेही तसेच. तुर्फानमध्ये एके काळी हजारावर कारेझ होत्या. त्यांतल्या बहुतेक आज कोरड्या पडल्या आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंप बसवलेल्या खोल विहिरी आल्या. कारेझमध्ये एक अंगचीच मर्यादा असते: भूजलाची पातळी बोगद्याच्या खाली गेली, की ती आपोआप थांबते. जेवढे डोंगर देतो, त्याहून अधिक ती घेऊच शकत नाही. पंपाला ही मर्यादा नाही. तो पाण्याच्या मागोमाग खाली जातो, आणि शेजारची कारेझ कोरडी पडते. आपल्या गावात एकाने पाचशे फूट बोअर घेतले आणि शेजाऱ्याची विहीर आटली, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यात भर म्हणजे, पृथ्वीचे तापमान वाढत असल्याने तिएनशानच्या हिमनद्याही आक्रसत आहेत.

आणि कारेझ दर वर्षी गाळ काढल्याखेरीज चालत नाही. अरुंद बोगद्यात उतरून ते काम करणारी जाणती माणसे गावात असावी लागतात. म्हणून माणसांचा प्रश्न वगळून या गावाचे विज्ञान पुरे होत नाही. २०१७ पासून शिनज्यांगमध्ये मोठ्या संख्येने उइगुरांना छावण्यांत डांबण्यात आले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी आपला अहवाल प्रसिद्ध केला. तेथे मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली झाली आहे आणि ती मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. चीन सरकारने हे आरोप नाकारले आहेत. लेणे आणि मजार यांच्या भिंती कोरडी हवा जपेल. पाटातला गाळ काढणारे हात, भाषा आणि रीती ती जपू शकत नाही.

तुम्ही करून पाहा

शेवटी एक प्रयोग. एप्रिलच्या सुट्टीत अंगणात ऊन पडणाऱ्या जागी पहारीने ५, १०, २० आणि ३० सेंटिमीटर खोलीची चार भोके पाडा. तापमापीच्या फुग्याला मेणाचा जाड लेप द्या, म्हणजे बाहेर काढल्यावर आकडा लगेच बदलणार नाही. ती दोऱ्याने भोकात सोडा, तोंड चिंधीने बंद करा, आणि अर्ध्या तासाने वाचा. चार तापमाप्या मिळाल्या तर उत्तम. नाहीतर चौघा मित्रांनी एकेक भोक वाटून घ्या. सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत दर दोन तासांनी नोंद करा आणि चारही आलेख एकाच कागदावर काढा. कमाल तापमान कोणत्या खोलीवर किती वाजता येते? दर ११ सेंटिमीटरला ४ तास हे उत्तर तुमच्या मातीला लागू पडते का? काळी माती आणि मुरूम यांत फरक पडतो का? एका भोकाभोवती पाणी शिंपडून पाहिले तर? आलेख वर्गात लावा आणि सरांशी-बाईंशी त्यावर चर्चा करा.